गुरुवारचा हुंकार

आई मंगळवारी गेली. सकाळी भावाचा फोन आला. मी कामावर कळवलं, तिकीट काढलं, विमानात बसले. घरी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. तेरावं झाल्यावर परत आले. अर्धं वाचलेलं पुस्तक पिशवीत होतं. त्यातली खूण होती त्याच पानावर होती.

त्या पानाच्या पुढे मला जाता येईना. शाळेत असल्यापासून मी वाचत आले आहे. एसटीत, रांगेत, वसतिगृहाच्या जिन्यात, कुठेही वाचता यायचं. आता डोळे वाक्याच्या शेवटापर्यंत जात आणि तिथे उभे राहत. पुढचं वाक्य दिसे, कळेही, पण त्यावर जाववत नसे. दुसरं पुस्तक घेऊन पाहिलं, तिसरं पाहिलं, तेच झालं. कारण मला ठाऊक होतं. वाक्य संपलं की पलीकडून 'हं' यायचं, त्याची मी वाट बघत होते.

ते 'हं' आमच्या घरात आलं छावणीतून.

मी पाचवीत असताना आमच्या आष्टी तालुक्यात दुष्काळ पडला. तसा तो अधूनमधून पडायचाच, पण त्या साली पडला तो उठलाच नाही. वडील आणि थोरला भाऊ कारखान्यावर ऊस तोडायला गेले. एरवी नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. आमच्या घरचा कोयता त्या साली बाप-लेकाचा झाला, कारण दावणीला दोन बैल आणि एक गाय होती आणि आईनं ती विकायला नाही म्हटलं होतं. आठवडी बाजाराला जनावर घेऊन गेलेली माणसं संध्याकाळी नुसतं दावं खांद्यावर टाकून परत येत होती. आई त्यांच्याकडे बघायची नाही. मग सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. आई जनावरं घेऊन तिथे राहायला गेली, आणि तिच्याबरोबर मी.

छावणी म्हणजे माळावर वसलेलं दुसरं गावच. ओळीनं बांबू, वर शेडनेट नाहीतर जुनी लुगडी, खाली दावणी, आणि दावणीच्या उशाशी माणसांच्या बाजा. सकाळी उसाची ट्रॉली यायची, दुपारी टँकर. ऊस घ्यायला रांग, पेंडेला रांग, पाण्याला रांग. आई दिवसभर उभीच असायची. बसायची ती फक्त दुपारी, जनावरं रवंथ करायला लागल्यावर.

सोसायटीच्या पक्क्या खोलीत पेंडेची पोती ठेवायची होती, म्हणून तिथलं वाचनालयाचं कपाट उचलून छावणीच्या मांडवात आणून टाकलं होतं. हे वाचनालय गावाला आहे हे तेव्हाच गावाला कळलं. कपाटापुढे सोसायटीचे सचिव खुर्ची टाकून बसत. मी दोन दिवस कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहिले, तिसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली काढली.

"घेऊन जा बाई. पर जनावरापासून लांब ठेव. त्यांला आता हिरवं-पांढरं काई कळत न्हाई."

पहिलं पुस्तक एका घोड्यांच्या व्यापाऱ्याचं होतं. व्यापाऱ्याचा आवडता घोडा चोरीला जातो आणि तो मुलुखभर त्याला शोधत हिंडतो. मी दुपारी बाजेवर बसून मनात वाचत होते. आई बैलाच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत होती.

"एकटीच काहून खातीस?" ती म्हणाली. "आमाला बी वाढ की."

म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. सांगणारा एक वाक्य सांगतो, ऐकणारा 'हं' म्हणतो, मग पुढचं वाक्य. हुंकार नसला तर गोष्ट दगडाला सांगितल्यासारखी होते आणि सांगणारा रागावून उठून जातो. आईनं तोच कायदा पुस्तकाला लावला. पहाटेपासून उभी असलेली बाई, सावलीत टेकली की तिचा डोळा लागायचा. पहिल्याच दिवशी ती झोपली आणि मी वाचत पुढे गेले. जागी झाल्यावर तिनं विचारलं, घोडा कुठवर आला? मी सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

"मी हं म्हणते तवर वाचायचं. हं थांबलं की थांबायचं. मला मागं टाकून पुढं जायचं न्हाई. आपण काय वेगळ्या गाडीत बसलोत का?"

त्या दिवसापासून आईचं शेवटचं 'हं' जिथे आलं तिथे मी उसाच्या पात्याचा तुकडा ठेवून पुस्तक मिटत असे. पुढचं पान वाऱ्यानं उलटलं तरी बघत नसे. शेजारच्या दावणीच्या बायकाही ऐकायला येऊन बसू लागल्या, पण त्यांच्या हुंकाराला मोल नव्हतं. त्या दहाजणी हं म्हणत असल्या आणि आई झोपली असली तर गोष्ट बंद. त्या तिला कोपरानं ढोसत. "ए बाई, ऊठ की. घोडा तिकडं उपाशी उभा हाय."

शेवटची काही पानं राहिली होती तेव्हा आमच्या धाकट्या बैलानं ती खाल्ली. मी पुस्तक बाजेवर ठेवून पाण्याच्या रांगेत गेले होते. परत आले तर बैलाच्या तोंडातून कागदाची कड लोंबत होती आणि तो डोळे मिटून चघळत होता. पुस्तकाला मागचा पुठ्ठा होता, शेवट नव्हता. मी रडत सचिवांकडे गेले. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

"आता मी वर काय कळवू? चारा कमी पडतोय, बैल वाचायला लागलेत?"

मांडवातली माणसं हसली. रात्री मला गोष्ट अर्धी राहिल्याचं वाईट वाटत होतं. आईला मात्र काहीच वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोचिड्या काढता काढता ती म्हणाली, "घोडा सापडला बघ त्याला."

"तुला कसं कळलं?"

"एवढा हिंडला मानूस. आन् घोड्याला बी घर आठवतंच की. व्यापारी एका गावात पाणी प्यायला थांबला, तर आडावर घोडाच उभा." तिनं तो सगळा शेवट सांगितला, आडाच्या काठापासून व्यापाऱ्याच्या दारापर्यंत, आणि त्या दिवशी हुंकार मी दिला.

पुढे पाऊस आला, छावणी उठली. आमचे दोन्ही बैल आणि गाय, तिन्ही जनावरं आपल्या पायांनी चालत घरी आली. गावात शिरताना आईनं दावं हातात धरलं नव्हतं, मोकळंच सोडलं होतं. जनावरं पुढे आणि ती मागे. तिची तेव्हाची चाल मी नंतर कुणाचीच पाहिली नाही.

ही सगळी हकिगत मी इथे, नॉर्वेमधल्या बर्गन शहरात बसून लिहिते आहे. समुद्राकाठचं शहर, भोवती डोंगर, आणि पाऊस. इथे पाऊस येत नाही, तो इथेच राहतो. मी एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. शनिवारी काम असतं म्हणून गुरुवारी सुट्टी. हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला त्यातलं काहीच पटलं नाही.

"पाणी बघायचा पगार देतेत?"

"बघायचा न्हाई माय, तपासायचा."

"आमी जलमभर पाण्याची वाट बघितली. आमाला कुणी न्हाई दिला." मग म्हणाली, "आन् गुरुवारी न्हाई गेलीस तर खाडा धरत न्हाईत?"

खाडा म्हणजे ऊसतोडीत चुकलेला दिवस. ताप येवो, बाळंतपण असो, कोयता थांबला की खाडा, आणि खाडा पडला की मुकादम दंड लावणार. आईच्या आयुष्यात न केलेल्या कामाच्या दिवसाला तेवढं एकच नाव होतं.

"खाडा न्हाई माय. सुट्टीच हाय."

"मग दिवसभर करतीस काय?"

"हाटेलात बसते. कॉफी पिते. वाचते."

"एकटी?"

"एकटी."

"कुणी ऊठ म्हणत न्हाई?"

"न्हाई."

 मग ती म्हणाली, "बस मग. आमी लई उभं राहिलो. आमच्या वाटचं बी बस."

मी बसले. दर गुरुवारी बसले. इथल्या कॅफेत दाराशी छत्र्या उभ्या करायची मोठी बरणी असते, खुर्च्यांच्या पाठीवर ओल्या लोकरीचे कोट वाळत असतात, काचांवर वाफ धरलेली असते. एक कप कॉफी घेतली की तासन् तास बसता येतं, आणि फिल्टरच्या भांड्यातून तो कप पुन्हा भरून मिळतो. सोबत दालचिनीचा गोल पाव. इथे सकाळ असते तेव्हा आमच्याकडे दुपार, जनावरं रवंथ करायची वेळ. मी कोपऱ्यातलं टेबल धरून फोन लावायची. आई गोठ्यात बाजेवर बसलेली असायची, फोन स्टीलच्या ग्लासात उभा करून ठेवलेला, म्हणजे आवाज मोठा येतो. तिचं 'हं' त्या ग्लासातून घुमून यायचं, आडातून आल्यासारखं.

मी इथल्या भाषेतली पुस्तकं घ्यायची आणि वाचता वाचता आमच्या बोलीत करून सांगायची. शेजारच्या टेबलांना त्रास नको म्हणून तोंडावर हात धरून हळू बोलायची. असं करत आम्ही किती पुस्तकं वाचली त्याचा हिशोब ठेवला नाही. ऐकताना आईची एक अट होती, पाऊस किती पडतोय ते आधी सांगायचं.

"आज हाय का पाऊस?"

"हाय."

"काल?"

"काल बी होता."

"त्या लोकांला म्हणावं एक दिवस खाडा धरा. तेवढा इकडं लावून द्या."

शेवटचं पुस्तक दीपगृहाचं होतं. समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह, त्यात दिवा सांभाळणारा बाप, त्याच्या दोन मुली आणि एक गाय. आईनं पहिल्याच पानावर मला अडवलं होतं.

"थांब. चहूकडून खारं पाणी म्हणतीस. मग ही मानसं पितेत काय?"

मी पुढची पानं चाळली नाहीत, कायदा होता. दोन गुरुवारांनी पुस्तकातच उत्तर आलं. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून टाकीत धरत होते. आईला बरं वाटलं. "शाहणी हायेत," ती म्हणाली, आणि त्या माणसांवर तिचा विश्वास बसला.

पुढे सरकारनं ठरवलं की दिवा आता यंत्रावर चालेल, माणसांची गरज नाही. बापानं खडक सोडायचा. सामान न्यायला मोठी नाव येणार. बाप म्हणतो, गाईला नावेत जागा नाही. मोठी मुलगी बापाचं ऐकते. धाकटी रात्रभर गाईजवळ बसून राहते. इथे आई उठून बसली असावी, कारण बाज करकरली.

"गाय सोडून जाणार असतील तर मला पुढचं वाचू नको."

"मला काय ठाऊक माय? मी बी तिथवरच आलेय."

"न्हाई सोडत. नावेत घालतील बघ. ती धाकटी घालील." मग थोड्या वेळानं, "आता राहू दे. सून च्या घेऊन आली. हं, ठेव खूण."

ते शेवटचं 'हं'. पुढच्या मंगळवारी भावाचा फोन आला.

त्यानंतर गुरुवार येत राहिले. मी कॅफेत जात राहिले, कारण दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. पुस्तक समोर उघडून ठेवायची, कॉफी संपवायची, पुन्हा भरून घ्यायची, खिडकीतून छत्र्या बघायची आणि संध्याकाळी तीच खूण त्याच पानात ठेवून घरी यायची. धाकटी मुलगी गाईजवळ बसून होती, नाव अजून आली नव्हती. आईला मागे टाकून पुढे जायचं नाही, हा कायदा मी छावणीत कधी मोडला नव्हता. आता मोडायचा तर तिची परवानगी कुणाकडे मागायची?

उन्हाळ्याच्या शेवटी भावानं वर्षश्राद्धाचा दिवस कळवला. मी रजा टाकली, तिकीट काढलं. निघण्याआधी एकच गुरुवार हातात होता. सकाळी पिशवीत पुस्तक टाकताना मी मनाशी ठरवलं की त्या गाईचं काय झालं हे बरोबर घेतल्याशिवाय मी आईच्या वर्षश्राद्धाला जाणार नाही. इतरांनी पानावर काय वाढायचं ते वाढावं, मला तिला हे वाढायचं होतं.

पहिल्या कॅफेत काहीच झालं नाही. बंदरासमोरची जागा, पर्यटक फार, दार सारखं उघडत होतं. मी तेच वाक्य वाचून वाचून कॉफी गार केली आणि उठले. पाऊस होता, छत्री होती, मी सावकाश चढ चढून दुसऱ्या कॅफेत गेले. तिथे लाकडी बाकं आहेत आणि एक जुना पियानो, ज्यावर फक्त कुंड्या ठेवतात. माझा कोपरा रिकामा होता. शेजारच्या टेबलावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक बोलत होती, दुसरी विणत होती.

इथल्या बायकांची एक लकब आहे. समोरचा काही सांगत असला की त्या 'हो' म्हणतात, पण श्वास आत ओढून. चटका बसल्यावर आपण ओढतो तसा. मी इथे नवीन होते तेव्हा प्रयोगशाळेतली एक बाई माझं बोलणं ऐकताना असा श्वास ओढायला लागली, तेव्हा तिला दम लागला असं समजून मी धावत जाऊन पाण्याचा पेला आणला होता. ती तो पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "पाण्यातून आलेल्या मानसाला पाणीच दिसायचं," आई तेव्हा म्हणाली होती. खरं म्हणजे मी बिनपाण्यातून आलेली, पण तिला म्हणायचं होतं ते कळलं.

विणणारी म्हातारी तसा श्वास ओढत होती. दुसरीचं बोलणं लांबलचक होतं, बहिणीच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती आणि त्यात सुताराचा हलगर्जीपणा. एक वाक्य झालं की विणणारीचा श्वास आत. पुन्हा वाक्य, पुन्हा श्वास.

मी पुस्तक उघडलं. धाकटी मुलगी गाईजवळ बसली होती. वाक्य संपलं, डोळे थांबले, आणि शेजारून श्वास आला. डोळे पुढच्या वाक्यावर गेले.

मला आधी कळलंच नाही. मी पुढचं वाक्य वाचलं, श्वास आला, मी त्याच्या पुढचं वाचलं. पान उलटलं तेव्हा लक्षात आलं की खूण मागे राहिली आहे. मी हातातला कप हळूच खाली ठेवला. हललं तर बंद पडेल अशी भीती वाटली. सुतारानं कपाट तिरकं बसवलं, श्वास. इकडे पहाट झाली आणि नाव क्षितिजावर दिसली, श्वास. मोठ्या मुलीनं ट्रंकेला दोर बांधला, श्वास. मी दुसऱ्याच्या हुंकारावर वाचत होते. चोरून शेजाऱ्याच्या विजेवर दिवा लावावा तसं. मला हसू येत होतं, पण हसायला सवड नव्हती.

बहिणीचं स्वयंपाकघर संपलं. दोघी उठल्या. विणणारीची छत्री माझ्या पायाशी घसरून आली होती, ती मी उचलून दिली. तिनं माझ्या पुस्तकाकडे पाहिलं आणि विचारलं, चांगलं आहे का?

मी हो म्हटलं, आणि म्हणताना माझा श्वास आत गेला. इतकी वर्षं इथे राहून मला ते कधी साधलं नव्हतं. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मान हलवून ती पावसात गेली.

आता कोपऱ्यात मी, कुंड्यांचा पियानो आणि उरलेली पानं. वाक्य संपलं, डोळे थांबले, शेजारून काही आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मला आमचा धाकटा बैल आठवला, डोळे मिटून कागद चघळणारा. पानं संपली तेव्हा आई थांबली नव्हती. पुस्तकात जे नव्हतं त्याच्यापुढे ती एकटी गेली होती, व्यापाऱ्याला घोडा सापडेपर्यंत गेली होती, आणि मग परत येऊन मला घेऊन गेली होती. तेव्हा हुंकार माझा होता. म्हणजे कायदा तिनंच मोडला होता, किंवा कायदा मला वाटला तसा कधी नव्हताच. मागे राहिलेल्याला परत येऊन सांगायचं, एवढंच त्यात होतं.

मी वाक्याच्या शेवटी 'हं' म्हटलं. हळू, पण तोंडानं. मग पुढचं वाक्य वाचलं. पुन्हा 'हं'.

कॅफेतली मुलगी कप भरायला आली, माझा 'हं' तिला उद्देशून आहे असं समजून तिनं कप काठोकाठ भरला. मी तोही प्याले. भूक लागली म्हणून दालचिनीचा पाव मागवला, तोही वाचता वाचताच खाल्ला. कित्येक महिन्यांत मी खाताना चव घेतली नव्हती. बाहेर पाऊस, आत मी बसलेली, हातात पुस्तक, आणि ऊठ म्हणणारं कुणी नाही. मी आईच्या वाटचं बसले होते, आणि त्या दुपारी मला त्याचा गर्व वाटला. आमच्या घराण्यात इतका वेळ, इतक्या सुखानं, नुसतं कुणी बसलं नसेल.

नाव खडकाला लागली. सामान चढलं. बापानं हात केला, चला. धाकटी हलेना. ती बापाला म्हणाली, हिला न्यायचं नसेल तर मीही इथेच. नावेवरची माणसं हसली. मग त्यातला एक थोराड खलाशी काही न बोलता उतरला. खडकावर सामान चढवायची जुनी यारी होती, लांब दांड्याला कप्पी लावलेली. त्यानं शिडाचं कापड दुमडून गाईच्या पोटाखालून घेतलं, चारी टोकं एकत्र बांधली आणि दोर यारीला लावला. गाय उचलली गेली. समुद्राच्या वर, खडक आणि नाव यांच्या मधे, चारी पाय सोडून ती लोंबकळत राहिली, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं घर वरून पाहिलं. मग ती नावेत उतरली.

मी मोठ्यानं हसले. अख्खं कॅफे वळलं. मी तशीच हसत बसले, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसत होते. "घातली माय," मी म्हटलं. "नावेत घातली."

मग शेवटची पानं सावकाश वाचली आणि पुस्तक मिटलं. खूण खिशात टाकली.

कॅफे बंद व्हायच्या आधी मी भावाला फोन लावला. तिकडे नुकतीच जेवणं झाली होती. मला फक्त एवढं सांगायचं होतं की तिकीट पक्कं आहे, अमुक दिवशी पोचते. तिकिटाचं ऐकून झाल्यावर तो घुटमळला. भाऊ घुटमळणारा माणूस नाही.

"इचारू का एक?"

"इचार ना दादा."

"त्या गाईचं काय झालं गं?"

मी मिटलेलं पुस्तक जवळ ओढलं.

"मी आपला गोठ्याच्या मागं असायचो," तो म्हणाला. "वैरण काढत. आता कानावर यायचं त्याला मी काय करू? अर्ध्यात सोडलं तुमी मायलेकींनी. वरीस झालं, तुला इचारावं का न्हाई तेच कळंना."

"गाय—"

"थांब. तसं सांगू नको. वाचून दाखव. धाकटी बसलीय तिथून."

मी पुस्तक उघडलं. कॅफेतल्या मुलीनं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला सुरुवात केली होती. माझ्या टेबलाकडे बघून ती लांबच्या टोकाकडे गेली. मी तोंडावर हात धरला आणि धाकटी गाईजवळ बसली होती तिथून वाचायला लागले. पलीकडे ग्लासात ठेवलेल्या फोनचा तोच घुमारा होता. भाऊ 'हं' म्हणत नाही. त्याला तेवढा दम नाही. तो म्हणतो, "मग?"

आई नाही. गुरुवार आहे, आणि गुरुवारी मी बसून वाचते.